खेळण्यातली यारी



आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येतात. दिवसा चार घरची धुणीभांडी करायची, घरचा स्वयंपाक उरकायचा आणि आठ वाजता पाटी घेऊन वर्गात हजर व्हायचे, असा त्यांचा नेम आहे. एके दिवशी पाटीबरोबर त्यांनी एक मोठी पुठ्ठ्याची पेटी आणली. ज्या घरी त्या कामाला जातात, तिथला मुलगा मोठा झाला, म्हणून त्याचे जुने खेळणे घरच्यांनी यांच्या मुलाला दिले होते.

पेटीत प्लास्टिकचे शेकडो तुकडे होते. लहान लहान विटा, भोके पाडलेल्या पट्ट्या, दातेरी चाके, काळे दांडे. शिवाय एक छोटी मोटर आणि सेल घालायची डबी. पेटीवर यारीचे चित्र होते. यारी म्हणजे बंदरात नाहीतर उंच इमारतीवर ओझे उचलायचे यंत्र, ज्याला आपण क्रेन म्हणतो.

बाई म्हणाल्या, "गुरुजी, पोरगं आठ दिवस मागं लागलंय, हे करून दे म्हणून. आत पुस्तक आहे. पण मला कुठं वाचता येतंय?"

आम्ही पुस्तक उघडले आणि आम्हांला हसू आले. त्या पुस्तकात वाचायला एक अक्षरही नव्हते! पहिल्या पानापासून शेवटपर्यंत नुसती चित्रे आणि आकडे.

बिनअक्षरांचे पुस्तक

असे का बरे? हे खेळणे अनेक देशांत विकले जाते. प्रत्येक देशाची भाषा निराळी. म्हणून बनवणाऱ्यांनी अक्षरेच टाळली. आधी काय लावायचे, मग काय लावायचे, हे चित्राने दाखवले. प्रत्येक चित्राजवळ एका चौकटीत त्या पायरीला लागणारे तुकडे काढलेले असतात. तुकड्याखाली आकडा आणि आकड्यापुढे फुली. ती फुली म्हणजे गुणाकाराची खूण. चाराचा आकडा आणि पुढे फुली, म्हणजे तो तुकडा चार वेळा घ्यावा.

आकडे इंग्रजी होते. आम्ही बाईंना विचारले, "मोबाइलवरचे आकडे तुम्हांला ओळखता येतात ना?"

"ते येतात की."

"मग हे पुस्तक तुम्हांला वाचता येते."

बाई आमच्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी पुस्तक आपल्याकडे ओढून घेतले आणि पहिल्या पायरीचे तुकडे मोजून पाटीवर मांडले. एकही चुकला नाही. वर्गातली बाकीची मंडळीही भोवती जमली. त्या दिवशीचा बाराखडीचा धडा तसाच राहिला. आम्हीही तो राहू दिला.

विटेची हकीकत

अशा विटांचे मूळ गाव डेन्मार्क देशात आहे. त्याचे नाव बिलुंड. तिथे ओले कर्क क्रिस्तियानसेन नावाचे एक सुतार होते. १९१६ साली त्यांनी तिथला एक सुतारकामाचा कारखाना विकत घेतला. घरे बांधावीत, सामान करावे, असा त्यांचा धंदा. १९२४ साली कारखान्याला आग लागली. त्यांनी तो पुन्हा उभारला. पुढे जगभर मंदी आली आणि घरे बांधून घेणारे गिऱ्हाईक मिळेना. तेव्हा १९३२ साली ते लाकडी खेळणी करू लागले. पुढे खेळण्यांना नाव दिले लेगो. 'चांगले खेळा' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांच्या आरंभीची अक्षरे घेऊन हे नाव झाले आहे.

१९४२ साली पुन्हा आग लागली. हा गृहस्थ पुन्हा उभा राहिला. दुसरे महायुद्ध संपल्यावर त्यांनी प्लास्टिक साच्यात ओतण्याचे यंत्र घेतले. १९४९ साली एकमेकींवर बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटा निघाल्या. पण त्या घट्ट बसत नसत. हा दोष त्यांच्या मुलाच्या, गॉडफ्रेडच्या, वेळी दूर झाला. विटेच्या डोक्यावर बटणासारखे गोल उंचवटे होतेच, आता पोटात पोकळ नळ्या आल्या. वरच्या विटेच्या नळ्या खालच्या विटेच्या उंचवट्यांना आवळून धरतात. २८ जानेवारी १९५८ रोजी या युक्तीच्या पेटंटसाठी अर्ज झाला. त्याच वर्षी थोरले क्रिस्तियानसेन वारले.

१९५८ सालची वीट आजच्या विटेवर नीट बसते. साचा केसाच्या जाडीएवढाही चुकू द्यायचा नाही, असा त्यांचा बाणा आहे. माप सांभाळण्याचे मोल काय असते, ते यावरून कळावे.

१९६६ साली या विटांच्या आगगाडीला मोटर आली. १९७७ साली दातेरी चाके, दांडे आणि भोकांच्या पट्ट्या यांची खास यंत्रांची पेटी निघाली. तेव्हापासून घरे रचणारी मुले यंत्रेही रचू लागली.

दांडा आणि भोक

आता आपल्या यारीकडे वळू. चाके ज्या दांड्यावर बसतात त्याला आस म्हणतात. हा आस गोल नसतो. त्याचे टोक पाहिले तर ते बेरजेच्या चिन्हासारखे (+) दिसते. चाकाच्या मधले भोकही तसेच असते. म्हणून आस फिरला की चाक फिरलेच पाहिजे, ते घसरणार नाही. पट्टीचे भोक मात्र गोल असते. त्यात आस मोकळा फिरतो. एकीकडे पक्की पकड, एकीकडे मोकळीक. बैलगाडीचे चाक आसावर मोकळे फिरते. इथे चाक आणि आस मिळून फिरतात.

आमची फजिती

तीन रात्री खपून यारी उभी राहिली. पण पुस्तकाची मधली दोन पाने फाटलेली होती. नेमकी मोटर जोडायची ती पाने. आम्ही म्हणालो, "हरकत नाही, आम्ही जोडतो." एवढी वर्षे हेडमास्तरकी केली, खेळण्याला काय घाबरायचे!

मोटरीच्या आसावर आम्ही २४ दात्यांचे मोठे चाक बसवले. ज्या रिळावर दोर गुंडाळायचा, त्याच्या आसावर ८ दात्यांचे लहान चाक बसवले. बटण दाबताच रीळ गरगर फिरले. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. मग वाण्याकडून आणलेले अर्ध्या किलोचे वजन दोराला बांधले. यारी उलटू नये म्हणून बुडाशी एक वीट, खरी मातीची, ठेवली आणि बटण दाबले. मोटर गुणगुणली, थरथरली आणि गप्प बसली. वजन जागचे हलले नाही.

आम्ही म्हणालो, "सेल उतरले." दुकानातून सहा नवे सेल आणवले. ते घातले. पुन्हा तेच.

तेव्हा मागे बसलेला एक गडी हळूच म्हणाला, "गुरुजी, बोलू का?" हा गडी उसाच्या रसवंतीवर काम करतो. वर्गात सहसा तोंड उघडत नाही. तो म्हणाला, "आमच्या चरकाला मोटरीवर चाक लहान असतं आन् चरकावर मोठं. तुमचं उलटं झालंय."

वर्ग चिडीचूप झाला. आम्ही चाके पाहिली. गड्याचे म्हणणे सोळा आणे खरे होते. आम्ही चाकांची अदलाबदल केली. बटण दाबले. अर्ध्या किलोचे वजन सावकाश, डौलात वर चढले!

सेलांचे पैसे फुकट गेले. पण ते आमच्या अडाणीपणाचे शुल्क होते, असे आम्ही समजतो. वाचता येत नाही म्हणून माणूस अडाणी ठरत नाही आणि मॅट्रिक झाला म्हणून सर्वज्ञ होत नाही.

दात्यांचा हिशेब

त्या गड्याला जे हाताने ठाऊक होते, ते आता आपण आकड्यांनी समजून घेऊ.

लहान चाकाला ८ दाते, मोठ्याला २४. दोघांचे दाते एकमेकांत अडकलेले. लहान चाकाचा एक फेरा झाला की मोठ्याचे ८ दाते सरकतात. मोठ्याचा पूर्ण फेरा व्हायला २४ दाते सरकायला हवेत. २४ भागिले ८ बरोबर ३. म्हणजे लहान चाक तीन फेरे फिरते, तेव्हा मोठे एकदा फिरते.

वेग तिसरा हिस्सा झाला. मग बाकीचे गेले कुठे? ते जोरात गेले. जोर सुमारे तिप्पट झाला. थोडा जोर घासण्यात जातो, म्हणून 'सुमारे' म्हणायचे. आम्ही आधी जोडले होते त्यात वेग तिप्पट झाला होता, पण जोर तिसऱ्या हिश्श्यावर आला होता. अर्धा किलो उठणार कसा?

नियम असा: जोर हवा तर वेग सोडा. वेग हवा तर जोर सोडा. दोन्ही एकदम फुकट मिळत नाहीत.

आणखी जोर हवा असेल तर दुसरी जोडी लावता येते. पहिल्या मोठ्या चाकाच्याच आसावर पुन्हा ८ दात्यांचे चाक बसवायचे आणि ते दुसऱ्या २४ दात्यांच्या चाकाला भिडवायचे. इथे ३ आणि ३ यांची बेरीज करायची नाही, गुणाकार करायचा. ३ गुणिले ३ बरोबर ९. समजा मोटर मिनिटाला ३६० फेरे फिरते. एका जोडीनंतर १२० फेरे उरतील, दोन जोड्यांनंतर ४०.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. भिडलेली दोन चाके उलटसुलट फिरतात. एक उजवीकडे, तर दुसरे डावीकडे. दोन्ही एकाच बाजूला फिरायला हवी असतील, तर मध्ये तिसरे चाक घालावे. या मधल्या चाकाला कितीही दाते असोत, ते हिशेबात धरायचे नाहीत. ते फक्त दिशा बदलते.

भोकांचा हिशेब

चाके फार दूर बसवली तर दाते भिडत नाहीत. फार जवळ बसवली तर अडकतात. मग अंतर किती ठेवावे? इथे या खेळण्याची एक सुंदर सोय आहे. चाकाला जितके दाते, तितके मिलिमीटर त्याचा कामाचा व्यास. आणि पट्टीच्या एका भोकापासून दुसऱ्या भोकापर्यंत अंतर ८ मिलिमीटर.

८ दाते आणि २४ दाते मिळून ३२. त्याचे निम्मे १६. दोन आसांमध्ये १६ मिलिमीटर अंतर हवे. १६ भागिले ८ बरोबर २. म्हणून एक आस एका भोकात घालावा आणि दुसरा त्यापुढच्या दुसऱ्या भोकात. हिशेब बिनचूक जुळतो. १६ आणि २४ दात्यांची जोडी घेतली, तर मात्र अडीच भोके येतात. सरळ पट्टीवर ती जोडी बसत नाही.

आमच्या वर्गात एक गवंडी मिस्त्री आहेत. यारीचा हात लवत होता, तेव्हा त्यांनी आडवी तिरपी पट्टी ठोकायला सांगितली. काटकोन पक्का करायला ते भिंतीला ३, ४ आणि ५ चे माप लावतात. इथेही तेच लागू पडते. पण मिस्त्रींनी ५ भोकांची पट्टी घेतली आणि ती पुरेना. का पुरेना? हाताची पाच बोटे मोजा आणि मधल्या फटी मोजा. बोटे पाच, फटी चार. अंतर ५ हवे असेल तर भोके ६ हवीत. कुंपणाचे खांब मोजतानाही हीच चूक होते. मिस्त्री हसले आणि म्हणाले, "गुरुजी, आता एक-एक झालं!"

न घसरणारे ओझे

यारीत एक दोष उरला होता. बटण बंद केले की वजन हळूहळू खाली उतरे. खऱ्या यारीत असे झाले तर खालच्या माणसाच्या डोक्यावर ओझे येईल.

पेटीत एक निराळा तुकडा होता. स्क्रूच्या आट्यांसारखे आटे असलेला. त्याला मळसूत्र म्हणावे. तो मोटरीच्या आसावर बसवला आणि २४ दात्यांच्या चाकाला भिडवला. मळसूत्राचा एक फेरा झाला की चाकाचा फक्त एक दाता सरकतो. म्हणजे २४ फेऱ्यांना चाकाचा एक फेरा. मोटर ३६० फेरे फिरली, तर चाक १५ फेरे फिरेल.

आणि खरी गंमत पुढेच आहे. मळसूत्र चाकाला फिरवते, पण चाक मळसूत्राला फिरवू शकत नाही. बटण बंद केले, वजन जिथल्या तिथे लटकून राहिले. मिस्त्री बराच वेळ त्या वजनाकडे पाहत होते. मग म्हणाले, "अशी खूण आमच्या बांधकामावर असती तर बरं झालं असतं." त्यांनी पुढे काही सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही.

खेळण्यातली मोटरगाडी

अशा तुकड्यांतून किती मोठे काम होऊ शकते? २०१८ साली लेगोच्या कारागिरांनी बुगाटी शिरॉन या मोटरगाडीची पूर्ण आकाराची प्रतिकृती बनवली. तिला दहा लाखांहून अधिक तुकडे लागले. तीत २,३०४ छोट्या मोटरी आणि ४,०३२ दातेरी चाके होती. वजन १,५०० किलो. आत माणसे बसली आणि गाडी ताशी २० किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाने चालली. एवढ्या मोटरींची मिळून ताकद किती? ५.३ अश्वशक्ती. म्हणजे आपल्या विहिरीवरच्या पाचच्या पंपाहून थोडीशीच जास्त! एक मोटर वजन वाहू शकत नाही, पण हिशेबाने जोडलेल्या हजारो मोटरी माणसांसह गाडी ओढतात.

पेटी नसेल तर

तुम्ही म्हणाल, गुरुजी, ही पेटी महाग असते. खरे आहे. पण हिशेबाला पेटी लागत नाही.

अरविंद गुप्ता हे अभियंते १९७८ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद भागात विज्ञान शिकवण्याच्या कामात गेले. तिथे त्यांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी एवढ्यावर मुलांसाठी नाना आकार रचले. पुढे पुण्याला आयुका या संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तुम्हीही हे करून पाहा. बाटलीचे एक लहान झाकण आणि डब्याचे एक मोठे झाकण घ्या. दोहोंच्या मधोमध भोक पाडा. फळीवर दोन खिळे ठोकून त्यांत ती मोकळी फिरतील अशी बसवा. दोहोंवरून रबर ताणून घाला. प्रत्येक झाकणावर खुणेचा एक ठिपका द्या. आता मोठे झाकण एकदा फिरवा आणि लहान किती वेळा फिरते ते मोजा. शिवणयंत्राचे मोठे चाक आणि वरचे लहान चाक यांचे नाते हेच.

काळजी

तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती हे तुकडे देऊ नयेत. ते तोंडात घालते आणि तुकडा घशात अडकतो. मोटर अडली की लगेच बटण बंद करावे, नाहीतर ती तापते. जुने आणि नवे सेल एकत्र घालू नयेत. खेळ संपला की सेल काढून ठेवावेत, कारण ते पाझरतात.

शेवटी एक गोष्ट

ही गोष्ट सांगायला आम्हांला जड जाते. पण सांगितली पाहिजे.

तीस वर्षांपूर्वी आम्ही ज्या शाळेत होतो, तिथे सातवीतल्या एका मुलाने मोडक्या टेपरेकॉर्डरची मोटर वर्गात आणली. तिला पुठ्ठ्याचे चाक लावले होते. गणिताच्या तासाला बाकाखाली ती घूं घूं करू लागली. आम्ही ती जप्त केली, त्याला दोन छड्या मारल्या आणि म्हणालो, "खेळायला येतोस की शिकायला?" पुढच्या वर्षी तो शाळेत आला नाही. त्याला कारणे अनेक असतील. पण आमच्या छड्या त्यांत नव्हत्या, असे आम्हांस म्हणवत नाही. निवृत्त होताना टेबलाचा खण रिकामा केला, तेव्हा ती मोटर निघाली. पुठ्ठ्याचे चाक अजून जागेवर होते.

तो गणिताच्या तासाला गणितच करत होता. आम्हांला ते वाचता आले नाही.

म्हणून बाईंनी पेटी आणली, तेव्हा ती आम्ही बाजूला सारली नाही. आता बाई रोज घरी मुलासमोर पुस्तक उघडून बसतात. फाटलेल्या पानांच्या जागी त्यांनी वहीचा कागद चिकटवला आहे. त्यावर दोन चाकांचे चित्र आहे आणि खाली त्यांच्या अक्षरात लिहिले आहे: 'मोटरीवर लाहान चाक.' 'लहान' शब्दात एक काना जास्त पडला आहे. तो आम्ही खोडला नाही. पुढच्या आठवड्यात बाईंनीच तो खोडला.

प्रश्न

१. मोटरीवर ८ दात्यांचे चाक आणि रिळावर ४० दात्यांचे चाक आहे. मोटर किती फेरे फिरली म्हणजे रीळ एकदा फिरेल?

२. वरच्या दोन चाकांच्या आसांत किती भोकांचे अंतर हवे?

३. मळसूत्राने रीळ मिनिटाला १५ फेरे फिरते. एका फेऱ्यात ६ सेंटिमीटर दोर गुंडाळला जातो. एका मिनिटात वजन किती वर चढेल?

४. एका डबीत दीड व्होल्टचे ६ सेल ओळीने जोडले आहेत. एकूण किती व्होल्ट झाले?

५. लहान चाक मोठ्या चाकाला फिरवते, अशी दोन यंत्रे तुमच्या कामाच्या जागी किंवा गावात शोधा. त्यांची नावे पाटीवर लिहा आणि ती कशी चालतात ते शेजाऱ्याला सांगा.